स्थळाची चौकशी

धोबी तलावाला, ट्रॉफ्यांच्या दुकानावर, दुसरा मजला.
'चक्षु डिटेक्टिव्ह. गुप्ततेची हमी.'
पाटीवरचा 'क्षु' दोनदा रंगवला, तरी पुसटच.
दहातली आठ कामं लग्नाची:
मुलगा पितो का, फ्लॅट स्वतःचा की मावशीचा,
मुलीचं आधी कुठे काही होतं का.
बावीस वर्षं मी लोकांच्या जिन्यांत उभी राहिले.
शेजारणी मला सगळं सांगतात.
माझा चेहराच तसा, साखरेची वाटी मागायला आल्यासारखा.

गुरुवारी हेमलता घाग आली.
पिशवीत भावाचा फोटो, छत्री, मृत्यूचा दाखला.
पोलिसांचं झालं, म्हणाली.
पाय घसरून खाडीत पडला, पंप हाऊसमागे.
माझं काम वेगळं आहे.
माणिक जायच्या आधी दोन आठवडे
एक बाई आमच्या बिल्डिंगीत चौकशी करून गेली.
शेहेचाळिसाव्या वर्षी, हो,
कुणीतरी विचारलं त्याला.
दोन शर्ट शिवायला टाकले त्यानं.
त्या मुलीकडच्यांना शोधून द्या.
कळवायला नको का? वाट बघत असतील.

मी वहीत नाव लिहिलं, मग पत्ता.
पत्ता तिनं सांगायच्या आधी लिहिला.
तिच्या ते लक्षात आलं नाही.

फाईल एक्केचाळीस. माझंच अक्षर.
'विषय रोज सहा दहाला निघतो. एकटा.
खाडीच्या वाटेनं चालतो.
कुत्र्यांना ग्लुकोजची बिस्किटं घालतो.
निर्व्यसनी. बोलणं मऊ.
झोपडपट्टी पुनर्वसनात सर्व्हेअर, वरकमाई दिसली नाही.
पंप हाऊसमागचा दिवा महिनाभर बंद.'
दिव्याचं कुणी विचारलं नव्हतं.
ते वाक्य मी आपणहून घातलं,
काम बारीक दिसावं म्हणून.
शेवटी अधोरेखित: 'स्थळ उत्तम.'

पावती आशीर्वाद प्रतिष्ठानच्या नावे. रोख.
खाली दुकानात त्याच प्रतिष्ठानचे
तीनशे कप कोरले जात होते,
टेनिस क्रिकेट, आमदार भाऊ चषक.
करवतीचा आवाज दिवसभर जिन्यातून वर यायचा.

माणिकच्या ऑफिसात शिपाई बोलला, तोही बाहेर, उसाच्या गाड्यावर.
यादीत झोपड्या चारशे बारा.
घागसाहेबांनी मोजल्या दोनशे सत्त्याऐंशी.
बाकीच्या सव्वाशे तिवरांत, ताई,
गुडघाभर चिखलात, वीजबिलासकट.
साहेबांनी लाल पेनानं प्रत्येकीपुढे लिहिलं, 'जागेवर आढळली नाही.'
सव्वाशे वेळा. मी बघितलं, हात दुखत होता त्यांचा.
तेराव्याच्या आधी नवा माणूस आला,
त्याला सगळ्या आढळल्या.

रेगे म्हणाले, आपण चौकशी केली.
चौकशी हा गुन्हा नाही.
बरोबरच होतं त्यांचं. कायद्यानं अगदी बरोबर.
म्हणाले, एक्केचाळीस नंबर फाडून टाक,
आणि त्या बाईला सांग, मुलगी दुबईला असते.
बोलताना ते कॅलेंडरवरची भाड्याची तारीख बघत होते.

मी फाईल ब्लाउजच्या कापडात गुंडाळून घरी नेली.
रात्रभर कुकरच्या डब्यात ठेवली. का, ते माहीत नाही.

सकाळी सहा दहा. विक्रोळी. खाडीची वाट.
दिवा लागला होता.
नवा, पांढरा, खांबावर भाऊंचा हसरा फोटो,
'यांच्या सौजन्याने'.
कुत्री धावत आली, शेपट्या हलवत.
ओळखत होती मला.
तेव्हा पाळत ठेवताना
मीही दोन-चार बिस्किटं टाकली होती.

तिसरा मजला. हेमलतानं दार उघडलं.
खुर्चीच्या पाठीवर दोन शर्ट, शिंप्याची टाचणी तशीच.
सापडले मुलीकडचे?
मी फाईल टेबलावर ठेवली. त्यावर पावती.
आधी पाणी घ्या, म्हणाली ती,
आणि फडताळात
चष्मा शोधू लागली.